आमची वाटचाल : मॉइश्चर मीटर ते मिस्ड कॉल

इंदूरच्या छावणी मंडीजवळ आमचं मॉइश्चर मीटर (धान्यातली ओल मोजायचं यंत्र) आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव तुटतो, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. पण माल वाळवणाऱ्या बायकांना तो आकडा कुणी दाखवतच नव्हतं. आम्ही त्यांच्या गटांना मीटर दिले आणि मिस्ड कॉलची सेवा काढली. ताईंनी मिस्ड कॉल दिला की उलट फोन जायचा, माळवी बोलीत मंडीचे भाव ऐकू यायचे. ओलीचा आकडा त्या फोनवर सांगत, नोंद त्यांच्याच नावावर व्हायची. साधा बटणांचा फोन पुरे, कारण स्मार्टफोन घरधन्याच्या खिशात.

मग बाहेरची एक मोठी कंपनी आपल्या ॲपसाठी फुकट टॅबलेट वाटत आली. नोंदणीला ऋण-पुस्तिका, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर ते सांगणारी सरकारी वही, मागायची. 2015-16 च्या कृषी गणनेत देशभरातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायका सुमारे 14 टक्केच. पुस्तिका बहुतेक नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावाची. झालं, ॲपवर शेतकरी तो, पैसे त्याच्या खात्यात, आणि जाहिरातीत टॅबलेट हातात धरून उभ्या आमच्याच गटातल्या ताई! गटांकडून येणारी आमची वर्गणी आटली, कामाची पोरं सोडून गेली, फोन-लाइनचं बिल थकलं. दुकान विकायला काढलं होतं.

तेव्हा देपालपूरकडच्या जीजी आल्या. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला मीटर काढला; दाब देणाऱ्या पेचाचे आटे झिजले होते. मी पेच बदलेपर्यंत बाकाशेजारी उभ्या राहिल्या. मग गटाची हंगामभराची वर्गणी आगाऊ ठेवून म्हणाल्या, “म्हारे टेबलेट नी चइये, भाव वालो फोन पाछो चालू करो.” (मला टॅबलेट नको, भावाचा फोन परत चालू करा.) त्याच पैशातून थकलेलं बिल भरलं.

पुढे त्या कंपनीने ॲप गुंडाळलं, बायकांच्या नोंदीही त्याच्याबरोबर गेल्या. कुणी साधा फोन करून विचारलं नाही. ते मी विसरलेलो नाही. आमच्या वह्यांत प्रत्येक ताईचा आकडा आजही सापडतो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. गावात नवं ॲप आलं की आधी विचारा, नोंद कुणाच्या नावावर आणि पैसे कुणाच्या खात्यात. उन्हात तापलेला दाणा लगेच मीटरच्या कपात घालू नका, सावलीत निवू द्या. नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्या. आणि मंडीत व्यापाऱ्याचा आकडा जास्त आला तर आपला मीटर तिथेच काढून दोघांच्या डोळ्यांदेखत पुन्हा मोजा.