पिकअप सगळ्यात शेवटी

गिटारमध्ये बदल करायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) टाकू? माझं उत्तरही ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. आधी केबल काढ, ॲम्प बंद कर आणि गिटार तशीच कोरडी वाजव. जे बिघडलेलं त्या अवस्थेतही ऐकू येतं, त्याचा पिकअपशी संबंध नाही.

भाच्याची गिटार स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. ब्रिजपाशी (तारा खाली जिथं अडकवतात तिथं) हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे. त्याच्या तक्रारी तीन. बेंड मारला, म्हणजे तार बोटानं बाजूला ओढून सूर चढवला, की तार सुरात परत येत नाही. व्हॉल्यूम जरा उतरवला की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. आणि हमबकर "मेलेला" आहे. तिन्हींवर त्यानं एकच इलाज ठरवून आणला होता: नवा पिकअप.

"मामा, हा सोळा के चा आहे. आत्ताचा आठच के आहे. म्हणजे डबल पॉवर ना?"

आजार रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण बहुतेक गिटारवाल्यांना बघूनच निघाली असावी.

सुराचं आधी बघू. तिसरी तार खुंटीनं हळूहळू चढवत जा. मध्येच "टिक्" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे. बेंड मारताना ती खाचेतून सरकते आणि परत येताना तिथंच अडून बसते. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून बघा. तेवढ्यानं फरक पडला तर दुखणं कुठं आहे ते कळलं. खरा उपाय म्हणजे खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचित रुंद आणि हेडस्टॉककडे (खुंट्या बसवलेल्या टोकाकडे) उतरती करणं, तेही त्या मापाच्या नट फाइलनं. साध्या त्रिकोणी कानशीनं खाच व्ही आकाराची होते आणि तार तळाशी चिमटली जाते. खोली तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली की थांबायचं. याच्या खाली गेलात तर मोकळी तार फ्रेटवर खरखरणार. भाच्याचा नट पोकळ प्लास्टिकचा होता, तो काढून हाडाचा बसवला. सगळ्या कामात सर्वाधिक वेळ यालाच गेला, आणि फोटोत तो दिसतसुद्धा नाही.

लॉकिंग ट्यूनरबद्दल गैरसमज फार. ते सूर लॉक करत नाहीत, खुंटीच्या दांड्यात तार चिमटीत पकडतात. दांड्यावर वेढे कमी, त्यामुळे वेढे आवळण्या-सैलावण्याची भानगड कमी आणि तार बदलणं झटपट. नट अडत असेल तर जगातले सगळे लॉकिंग ट्यूनर लावूनही तार परत येणार नाही. घ्यायचेच असतील तर आधी हेडस्टॉकची भोकं मोजा. आजच्या बंद पेटीच्या ट्यूनरना साधारण १० मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या क्लुसन पद्धतीच्यांना सुमारे ८.८. मोठ्या भोकात छोटा ट्यूनर बसवायला अडॅप्टर बुश मिळतात. उलट करायचं तर रीमर हातानं फिरवा, ड्रिल नको. ड्रिल पॉलिशचे टवके काढतं आणि ते टवके मग गिटार विकेपर्यंत तुमच्याकडे बघत राहतात.

ब्रिजचंही तसंच, मोजल्याशिवाय मागवू नका. दोन खांबांच्या आधुनिक ट्रेमोलोत (दांडीनं हलणाऱ्या ब्रिजमध्ये) तारांमधलं अंतर साधारण १०.५ मिलिमीटर असतं, सहा स्क्रूंच्या जुन्या घाटात थोडं जास्त. त्यात अरुंद नेक आली की बाहेरच्या तारा फ्रेटच्या कडेवरून घसरतात. आणि ब्रिजखालचा ठोकळा! पातळ जस्ताच्या ठोकळ्याऐवजी जाड पोलादी टाकायची सगळ्यांना हौस, पण स्ट्रॅटची पूर्ण जाडीची बॉडी साधारण ४५ मिलिमीटरची असते. स्वस्त गिटारींच्या बॉड्या बऱ्याचदा त्याहून पातळ असतात, आणि पूर्ण लांबीचा ठोकळा मागून चक्क बाहेर डोकावतो. भाच्याचा ब्रिज मी बदलला नाही. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) साफ केले, स्प्रिंगांचा ताण बसवला, पुरे.

आता त्या सोळा के कडे येऊ. के म्हणजे किलोओहम, आणि हा आकडा म्हणजे कॉइलच्या तारेचा डीसी रोध, आणि त्यावरून आवाज ओळखणं अवघड. सर्वसाधारण पिकअपमध्ये ४२ गेजची तार असते. तिच्याऐवजी ४३ किंवा ४४ गेजची, म्हणजे आणखी बारीक तार घेतली, तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो. ताकद तेवढीच राहते, फक्त मीटरवरचा आकडा फुगतो. आवाज ठरतो तो वेढे, चुंबक आणि इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा होणारा विरोध) यांनी. वेढे वाढवले की ताकद वाढते हे खरं, पण इंडक्टन्सही वाढतो, पिकअपचा रेझोनन्स (ज्या पट्टीत तो सगळ्यात जोरात बोलतो ती जागा) खाली सरकतो आणि वरची धार जाते. सेथ लव्हरनं गिब्सनसाठी केलेल्या हमबकरच्या पेटंटचा अर्ज १९५५ मधला. ज्या "पीएएफ" पिकअपसाठी, म्हणजे गिब्सनच्या त्या सुरुवातीच्या हमबकरसाठी, लोक आजही जीव टाकतात, त्यांचा रोध साधारण ७ ते ९ के च्या आसपास. म्हणजे भाच्याला जो "आठच के" म्हणून नकोसा झाला होता, तोच. जोरदार पिकअप वाईट असतात असं मी म्हणत नाही. १९७२ मध्ये आलेल्या डिमार्झिओ कंपनीच्या सुपर डिस्टॉर्शन पिकअपनं बदली पिकअपचा बाजारच उघडला, आणि तो घेतला जायचा ॲम्पला ढकलून ओव्हरड्राइव्ह करायलाच. पण आज ॲम्पमध्येच गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) पोत्यानं असतो.

मग त्याचा हमबकर मेलेला का वाटत होता? पिकगार्ड उघडल्यावर कळलं: सगळे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे बदलते रोधक) २५० के चे. सिंगल कॉइलला हे योग्य आहेत, ते तिची टोचणी थोडी बोथट करतात. हमबकर मुळातच जाड आवाजाचा, त्याला ५०० के लागतात. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही २५० चे असले की पिकअपवर वरच्या पट्टीत सुमारे १२५ के चा भार पडतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारीत टोन पॉट नव्हताच. एकच बटण, त्यावर लिहिलेलं "टोन", आणि काम व्हॉल्यूमचं. भार कमी, धार जास्त.

व्हॉल्यूम पॉट ५०० के चा केला. मीटर लावूनच निवडा, कारण पॉटमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं असं धरलेलं असतं आणि ५०० लिहिलेला ४१० निघू शकतो. शिवाय भोकाचं माप! सीटीएस कंपनीच्या मोठ्या पॉटला साधारण ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, छोट्या मेट्रिक पॉटसाठी केलेल्या पिकगार्डमध्ये तो शिरत नाही. बटणाच्या आतले दातेही तपासा, २४ दात्यांच्या दांड्यावर १८ दात्यांचं बटण नीट बसत नाही. व्हॉल्यूम उतरवताना होणाऱ्या गोधडीवर ट्रेबल ब्लीड, म्हणजे वरच्या पट्टीला वाट काढून देणारी जोडणी: १५० के चा रेझिस्टर आणि १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर समांतर जोडून व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायाच्या मध्ये लावायचे. दोन तक्रारी इथेच मिटल्या, पिकअप अजून जुनाच.

तरी भाच्याला नवा हवाच होता, आणि खरं सांगायचं तर जुना पिकअप जास्त गेनवर शिट्टी मारत होता, म्हणजे आतलं मेण नीट भरलेलं नव्हतं. अल्निको ५ चुंबकाचा, मध्यम ताकदीचा, मेणात बुडवलेला हमबकर घेतला. पोलचं (प्रत्येक तारेखालच्या धातूच्या दांड्यांचं) अंतर फेंडर मापाचं, साधारण ५२ मिलिमीटर. गिब्सन मापाचा ४९-५० चा असता तरी कानाला फारसं काही कळलं नसतं, पण डोळ्याला खुपलं असतं.

जोडणीत एका गोष्टीवर अडून बसा: तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी तार सिग्नलची, लाल-पांढरी एकमेकींना, हिरवी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी ग्राउंडला. एकाचं चित्र बघून दुसरा जोडला तर पिकअप विचित्रच वाजणार. फेज, म्हणजे सगळ्या पिकअपचा सिग्नल एकाच दिशेनं जातोय का, ते तपासायला मल्टिमीटर ओहमवर ठेवा, स्क्रू ड्रायव्हर पिकअपच्या पोलांवर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. सगळ्या पिकअपचं उत्तर एकच यायला हवं. उलटं आलं तर हमबकरच्या हिरव्या आणि सिग्नलच्या तारांची अदलाबदल करा, पण उघडी तार ग्राउंडलाच राहू द्या. ती बेस प्लेटला आणि कव्हरला जोडलेली असते, सिग्नलला गेली तर हात लागताच घरघर सुरू.

सोल्डर करण्याआधी जुन्या वायरिंगचा फोटो काढा. पॉटच्या पाठीवर २५ वॅटची बारीक टोकाची आयर्न घेऊन बसू नका. पाठ तापायला वेळ लागतो आणि तोवर आतला ट्रॅक भाजतो. जास्त वॅटची, रुंद टोकाची घ्या, पाठ जरा खरवडा, चटकन टेकवा, चटकन उचला. तारा चढवण्याआधी केबल लावून स्क्रू ड्रायव्हरनं प्रत्येक पोलवर टकटक करा. स्विचच्या प्रत्येक जागी योग्य पिकअप बोलला की मगच पिकगार्ड बंद.

राहिली उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून हमबकरपासून साधारण दोन मिलिमीटरनं सुरुवात करा, मग कानानं. सिंगल कॉइल त्याहून थोड्या दूर ठेवाव्या लागतात. त्यांचे पोल बहुतेकदा स्वतःच चुंबक असतात, फार जवळ आले तर जाड तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर एकाच तारेतून दोन बेसूर आवाज निघतात. भाच्याच्या नेक पिकअपची सहावी तार अजून जरा जास्तच घुमते आहे. स्क्रू अर्धा फेरा खाली घे म्हणून सांगितलंय, तो पाव-पाव फेऱ्यानं घेतोय.