टगबोटीच्या स्टर्न थ्रस्टरचा रेटा : काम कुठवर आले

माझ्या ९० सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ कंट्रोल टगबोटीचा स्टर्न थ्रस्टर, म्हणजे बोटीच्या मागच्या भागात आडव्या नळीत बसवलेला, तिला बाजूला ढकलणारा पंखा, एरवी चांगला चालतो, परंतु कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर वारा सुटला की घाटाच्या पायऱ्यांना बोट लावताना मागची बाजू वळवायला त्याचा रेटा अपुरा पडत असे. मोठी मोटर बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मला मात्र आहे त्या मोटरला पुरेशी वीज पोहोचते का आणि नळीतून पाणी सुरळीत जाते का, हे आधी पाहणे अधिक योग्य वाटले.

थ्रस्टर पूर्ण वेगात असताना बॅटरीवर ७.४ व्होल्ट, तर मोटरच्या टोकांवर ६.५ व्होल्टच भरत होते. पंख्याचा रेटा साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ही घट दिसते त्याहून महाग पडते. वायर जाड व आखूड केली, कनेक्टर बदलले, तेव्हा मोटरला ७.१ व्होल्ट मिळू लागले आणि ताणकाट्यावरचा रेटा ११० वरून १३० ग्रॅमवर गेला.

नळीवर अधिक मेहनत घ्यावी लागली. तिचा आतला व्यास २५ मिलिमीटर असून तोंडाच्या कडा काटकोनी होत्या. अशा कडेवरून आत शिरणारे पाणी भिंत सोडते आणि भोवरे तयार होतात. बोटीच्या आतून एपॉक्सीचा थर देऊन मग कडा व्यासाच्या सुमारे एक दशांश त्रिज्येने, म्हणजे अडीच मिलिमीटरने, गोलावल्या. पंखा आणि नळी यांतली फटही कमी करायची होती, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात पंपाच्या कामावर हात बसलेल्या एका टर्नरकडे गेलो. “आधी शाफ्टला डायल लावून बघू, मग पंख्याचं बोलू,” असे ते म्हणाले (डायल म्हणजे फिरताना शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, किती हलतो हे दाखवणारे मापक), आणि ते अगदी रास्त होते, कारण शाफ्ट हलत असेल तर कमी फटीत पाती घासणारच. शाफ्ट सरळ करून २४ मिलिमीटरचा पितळी पंखा त्यांनी बसवून दिला. पाती दोन्ही दिशांना सारखी ठेवली आहेत, कारण थ्रस्टर डावीकडेही तितकाच लागतो.

हवेचा प्रश्न शेवटी सुटला. नळीची वरची कड पाण्याखाली जेमतेम १० मिलिमीटर होती. पूर्ण जोर दिला की पृष्ठभागावर करंगळीएवढा भोवरा पडे, त्यातून हवा नळीत ओढली जाई, मोटरचा आवाज एकदम चढे आणि रेटा गळून जाई. मागे शिसे ठेवून ती खोली १८ मिलिमीटर केल्यावर भोवरा थांबला. आता एका बाजूला १६५ ग्रॅम मिळतात, तर पंख्यापर्यंत मोटरची गती पोहोचवणारी गिअरची दांडी ज्या बाजूने प्रवाहात आडवी येते, तिकडे १५० ग्रॅम.

केंदाळाची मुळे नळीत ओढली जाऊ नयेत म्हणून तोंडाशी गोल सळ्यांची जाळी लावणार आहे, मात्र प्रत्येक सळई थोडा रेटा खाते, त्यामुळे दोनच लावीन. वरील सर्व आकडे बोट जागेवर बांधलेली असतानाचे आहेत. पुढे चालत्या बोटीत नळीतून निघणारी धार मागे वाकते आणि थ्रस्टरचा परिणाम घटतो, म्हणून यानंतरची चाचणी बोट संथ चालवून घेणार आहे.