मेटॅलिका फोल्डर: ‘डेथ मॅग्नेटिक’ अखेर ऐकण्याजोगा

झाला एकदाचा! मेटॅलिका या मेटल बँडचे अल्बम संगणकावरच्या फोल्डरमध्ये नीट लावतोय. ‘जस्टिस’पर्यंतचे टॅग, कव्हरं, डीआर (आवाजातला चढउतार सांगणारा आकडा; कमी म्हणजे सगळंच दाबलेलं) नोंदी मागच्या वेळीच लागल्या होत्या. ‘लोड’ आणि ‘रीलोड’ एका बैठकीत उरकले. ‘सेंट अँगर’चा स्नेअर ड्रम आहे तसाच ठेवलाय, त्या पत्र्याच्या डब्यावर माझा जीव आहे, वाद घालू नका. घोडं अडलं ते 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर.

सीडीचा रिप (संगणकावर उतरवलेली प्रत) तुम्हाला तोंडपाठ आहे: डीआर 3. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला की वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) म्हणजे नुसती वीट. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’च्या शेवटाकडे झूम करून बघा. किक (पायाने वाजवायचा ड्रम) पडते तिथे शिखराचा माथा साफ कापलेला, आणि हेडफोनमध्ये तीच चरचर. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, करणाऱ्या बिचाऱ्या टेड जेन्सनला उगाच शिव्या बसल्या. मास्टरिंगसाठी हाती आलं तेव्हाच मिक्स चिरडलेलं होतं, हे त्याने तेव्हाच कळवलं होतं.

आधी डीक्लिपर लावून बघितला. कापलेले माथे तो अंदाजाने गोल करतो, त्यामुळे मीटरवर आकडा लगेच सुधारतो. पण त्या आकड्यावर जाऊ नका. कॉम्प्रेशनने (मोठा-लहान आवाज एका पातळीला दाबण्याने) खाल्लेला ड्रमचा ठोका काही परत येत नाही. चरचर कमी होते, गाणं सपाटच राहतं.

मग एका ऑनलाइन दुकानातून 24 बिट फ्लॅक (लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळलेली फाइल) घेतली. उघडली तर तीच वीट, फक्त वजनाने जास्त! डाउनलोड झाल्यावर पैसे परत नाहीत, हे वर. या दुकानांचं एक कळत नाही: सॅम्पल रेट ठळक अक्षरांत छापतात, पण मास्टर कोणतं आणि कोणत्या सालचं, याचा पत्ता नसतो. विकत घेतो ते मास्टर की बिटांची संख्या?

गिटार हीरो या व्हिडिओ गेमवाली आवृत्ती माझ्याकडे आहेच. गेमसाठी सुटे ट्रॅक वेगळे गेले होते म्हणून ती वाचली, आणि श्वास घेते हे खरं. पण गेममधून काढलेला रिप मुख्य फोल्डरमध्ये ठेवायला मन घेत नाही. मला विकत घेतलेली, अधिकृत फाइल हवी होती.

ती मिळाली आयट्यून्सवर. 2015 साली तिथे आलेल्या आवृत्तीत कॉम्प्रेशन कमी आहे. रिप्लेगेनने सीडीच्या रिपचा आणि हिचा आवाज सारखा केला आणि फूबार या प्लेअरमध्ये एबीएक्स (कोणती प्रत वाजतेय हे न सांगता ओळखायची चाचणी) लावली. ‘ऑल नाइटमेअर लाँग’ सुरू झालं आणि चाचणीची गरजच उरली नाही. ड्रमर लार्सचा स्नेअर गिटारच्या भिंतीतून बाहेर आलाय, ट्रुहिलोचा बेस चक्क ऐकू येतो. तेच गाणं मी तिथल्या तिथे पुन्हा लावलं.

आता पंचाईत: ही फाइल 256 केबीपीएस एएसी, म्हणजे लॉसी, आकार कमी करायला थोडा आवाज गाळलेली. फ्लॅकवाले सोवळे नाकं मुरडणार. मुरडा. चिरडलेल्या लॉसलेसपेक्षा मोकळं लॉसी बरं, म्हणून मुख्य जागा तिलाच. सीडीचा रिप ‘इतर’मध्ये. फक्त एएसीची फ्लॅक करून ठेवू नका, जागा वाया जाते आणि पुढच्याची फसवणूक होते.

पुढे ‘हार्डवायर्ड’ घेणार होतो, पण हे लिहितानाच बेत बदलला. आधी प्रत्येक अल्बमला ‘मास्टरचं साल’ असा वेगळा टॅग घालतो. 2016 पासून जुन्या अल्बमांची रीमास्टर येत गेली, त्यामुळे ‘राइड’ आणि ‘पपेट्स’ यांच्या दोन-दोन प्रती एकमेकींत मिसळल्यात.

त्यानंतर लाइव्ह. 2000 मध्ये गाण्यांच्या फुकट देवाणघेवाणीच्या नॅप्स्टरला कोर्टात खेचणारी, आयट्यून्सवर 2006 पर्यंत न आलेली हीच मंडळी 2004 पासून आपले शो डाउनलोडला विकतायत, आणि ते काम त्यांनी झकास केलंय. मला हवाय 30 ऑक्टोबर 2011 चा बंगळूरचा, पॅलेस ग्राउंड्सवरचा. गुडगावचा बोंबलला, हा झाला. कोणी घेतला असेल तर फ्लॅकचा डीआर मोजून टाका, आणि गाण्यांच्या मधे गर्दीचा आवाज सलग येतो की तुटतो तेही सांगा.