निबंध फळ्यावरून उतरवणं बंद केल्यावर

सहावीच्या ३६ वह्या, आणि ‘माझी आई’ या निबंधात ३६ आया प्रेमळ, कष्टाळू, पहाटे लवकर उठणाऱ्या! मुलांचा दोष नाही. निबंध फळ्यावरून नाहीतर गाइडमधून उतरवायचा असतो, हे आपणच शिकवलेलं. ती सवय मोडायला मला अख्खं सत्र लागलं. त्यातून जे टिकलं ते असं.

आधी विषय लहान केला. ‘माझी आई’ऐवजी ‘आई चहा करते तेव्हा’. एकीने लिहिलं, ‘सांडशी दादाने मोडली म्हणून आई पातेलं पदराने उतरवते.’ कष्टाळू हा शब्द कुठेच नव्हता.

पहिल्या तासिकेत ५ मिनिटं जोडीदाराला नुसतं सांगायचं, मग ७-८ शब्द टिपायचे आणि १५ मिनिटं लिहायचं. बोलणं वगळलं की निम्मी मुलं पहिल्याच ओळीवर अडतात. लिहायचं रफ वहीत, एकाआड एक ओळ सोडून. खोडरबर दप्तरात, चुकलं तर आडवी रेघ. तो हातात असला की मुलं अक्षर सजवत बसतात आणि वाक्य पुढे सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या बदलून मोठ्याने वाचन. स्वतःचं वाचताना मूल मनातलं वाचतं, कागदावरचं नाही. दुसरा जिथे अडखळतो तिथे बहुधा वाक्यच बिघडलेलं असतं. वाचणाऱ्याने २ प्रश्न विचारायचे, ‘छान आहे’ म्हणायला बंदी. उत्तरं सोडलेल्या ओळींत.

तपासताना एका वेळी एकच प्रकारची चूक. सगळं लाल केलं की मूल फक्त मार्क बघतं. ‘फूल’ बरोबर लिहिणारी मुलंही ‘फूलाचा’ लिहितात. प्रत्यय लागला की तो ऊ ऱ्हस्व होतो, फुलाचा, तसंच मीठ-मिठाचा. (‘शरीराचा’ मात्र तसाच. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचं प्रकरण पुढच्या आठवड्यात.) मी समासात ओळीसमोर फक्त टिंब देते, चूक ज्याची त्याने शोधायची. ‘पानी’, ‘म्हनून’ कच्च्या लेखनात राहू देते. घरच्या बोलीवर तिथेच लाल शाई पडली तर पुढचा निबंध दोन ओळींत आटोपतो. न-ण पक्क्या वहीत उतरवताना बघतो.

रोज ९ वह्या, म्हणजे चार दिवसांत वर्ग होतो. पालकसभेत ‘बाई चुका तपासतच नाहीत’ ही तक्रार ठरलेली. म्हणून टिंबाचा अर्थ प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली पालकांची सही घेते.