पॅकवरची ती कचरापेटी मोजून बघा

रबाळे-महापे पट्ट्यात ई-सायकलचे लिथियम पॅक बनवून युरोपला पाठवणाऱ्यांनी सीई मार्क (माल युरोपीय नियमांत बसतो असं सांगणारं चिन्ह) झाला की काम संपलं असं समजू नये. युरोपीय संघाच्या २०२३/१५४२ या नियमानुसार १८ ऑगस्ट २०२५ पासून फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्हही (साध्या कचऱ्यात टाकू नका, या अर्थाचं) बॅटरीवर लागतं, आणि चुका बहुतेक त्याच्या मापात होतात.

चिन्हाने पॅकच्या सर्वांत मोठ्या बाजूचा किमान ३ टक्के भाग व्यापायला हवा. कमाल माप ५ × ५ सेंटीमीटर. समजा, ती बाजू २० × १० सेंटीमीटर आहे. क्षेत्रफळ २००, त्याचे ३ टक्के म्हणजे ६ चौरस सेंटीमीटर. म्हणजे चौकोनी चिन्हाची बाजू साधारण २.४५ सेंटीमीटर. डिझायनर जागा वाचवायला १ सेंटीमीटरचं चिन्ह टाकतो, तिथेच माल अडकू शकतो. श्रिंक स्लीव्हवर (उष्णतेने आकसून पॅकला घट्ट बसणाऱ्या प्लास्टिक वेष्टनावर) छापत असाल तर गरम केल्यावर छपाईही आकसते, म्हणून माप तयार पॅकवरच घ्या. सुट्या दंडगोल सेलना पूर्ण पृष्ठभागाचे १.५ टक्के पुरतात.

१८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्टही (बॅटरीची माहिती असलेली ऑनलाइन नोंद) लागेल. त्याची जबाबदारी बॅटरी तिथल्या बाजारात आणणाऱ्यावर असली, तरी माहिती तुमच्याकडूनच मागितली जाणार. सेल पुरवठादाराकडून कॅथोडमधल्या (सेलच्या धन इलेक्ट्रोडमधल्या) घटकांचा तपशील आत्ताच लेखी घ्या. कंटेनर न्हावा-शेवा बंदरात पोचल्यावर तो मिळवणं फार जड जातं.