केकला चिकटलेला कागद आणि पुढचे उद्योग

केक छान फुगला होता. मधोमध टोचलेली टूथपिक कोरडी बाहेर आली, टिन पालथा घातला तर केक अलगद ताटात उतरला. मग मी कागद सोलायला घेतला. सोलायला कसला, ओरबाडायला! तो पापुद्र्यापापुद्र्यानं निघत होता आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर केकचा लचका. शेवटी आम्ही तो चमच्यानं खाल्ला, मध्येच दाताखाली येणारे कागदाचे कपटे बाजूला काढत.

रोलवर ‘बटर पेपर’ छापलेलं होतं आणि पाककृतीत ‘पार्चमेंट’. दोन्ही एकच, असं मी धरून चालले होते. दिसायला सारखेच की! पण पार्चमेंटवर सिलिकॉनचा पातळ थर असतो, म्हणून त्याला काही चिकटत नाही. बटर पेपर या नावाखाली मात्र बरेचदा साधा तेलरोधक कागद मिळतो. तो तूप शोषत नाही, पण ओल्या पिठापुढे त्याचं काही चालत नाही. तो वापरायचाच, तर वरून लोणी फासून.

एवढं कळूनही पुढच्या वेळी मी वॅक्स पेपर, म्हणजे मेणाचा थर दिलेला कागद, घातला. गुळगुळीत आहे म्हणजे चालेल, असा माझा हिशेब. बिस्किटं आत गेली आणि पाचेक मिनिटांत ओव्हनमधून मेणबत्ती विझवल्यासारखा वास यायला लागला, मागोमाग धूर. हे मेण साठ-सत्तर अंशांच्या आसपासच वितळतं आणि माझा ओव्हन १८० वर होता. सगळ्या खिडक्या उघडल्या, बिस्किटं टाकून दिली.

तेव्हापासून नवा कागद आणला की आधी नखानं खरवडून बघते. नखात मेण आलं तर तो ओव्हनमध्ये जाणार नाही. मग वर पाण्याचा थेंब टाकते. थेंब मोत्यासारखा घरंगळला तर सिलिकॉन आहे; कागद ओलसर होऊन सुरकुतला तर लोणी लावणं आलं.

पार्चमेंट संपलेलं असताना फॉइलही लावून पाहिली. ती उष्णता झटकन पोचवते, त्यामुळे बिस्किटांचे तळ करपले आणि वर चिकटलीही. आता फॉइल मी फक्त केक वरून लवकर लाल व्हायला लागला तर झाकायला घेते. सिलिकॉनची चटई बिस्किटांना चांगली, पण तळ जरा फिके राहतात, आणि तिच्यावर सुरी चालवायची नाही (मी चालवलीये).

गोल केकसाठी सगळ्यांत भरवशाचा पर्याय अगदी जुना आहे: टिनला आतून लोणी, वर चमचाभर मैदा, टिन फिरवत सगळीकडे पसरायचा आणि उलटा करून ठोकून जास्तीचा झटकायचा. चॉकलेट केक असेल तर मैद्याऐवजी कोको, म्हणजे पांढरे डाग दिसत नाहीत. शिफॉन केकला (फेटलेल्या अंड्यांवर फुगणारा हलका केक) मात्र यातलं काहीच नको. ते पीठ टिनच्या भिंतीला धरून वर चढतं. तूप लावलंत तर घसरून बसेल.

पार्चमेंट असलं तरी ते रोलसारखं पुन्हा गुंडाळलं जातं, हा वेगळा वैताग. त्यावर उपाय म्हणजे कागद मुठीत चांगला चुरगाळायचा आणि उलगडून पसरायचा, मुकाट्यानं पडून राहतो. टिनला चार ठिकाणी लोण्याचे ठिपके लावले की हलतही नाही. प्रीहीट करताना रिकामा कागद आत ठेवू नये, पंख्याच्या वाऱ्यानं तो उडून कॉइलला लागू शकतो. पाकिटावर तापमानाची मर्यादा दिलेली असते, साधारण २२० अंशांच्या आसपास. ग्रिलखाली तर तो घालूच नये.

बिस्किटांचा कागद मी पुसून दोन-तीनदा वापरते. कडा तपकिरी होऊन कुरकुरायला लागल्या की टाकते. तो पहिला बटर पेपरचा रोल अजून संपलेला नाही. पीठ लाटताना खाली घेते, फ्रीजरमध्ये बिस्किटांच्या पिठाच्या थरांमध्ये घालते. तिथे तो अगदी गुणी आहे.