हेराल्ड उघडताना: आधी चॅसी, मग इंजिन

कोल्हापुरात जुनी गाडी नव्यानं उभी करायला दारात आली की पहिलं इंजिन खाली उतरतं. उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत जवळ आहे. तिथं सिलिंडरचं बोअर मारणारे, क्रँक घासणारे, नुसता झिजलेला नमुना बघून लेथवर बुश उतरवून देणारे कारागीर आहेत. ऑइल इंजिनावर वाढलेलं गाव हे. पण म्हणूनच इथं इंजिन हा कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे, आणि सोप्याकडून सुरू केलेली गाडी हमखास ताडपत्रीखाली जाते. इंजिन चकाचक आणि ते बसवायला चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, धड नाही, अशी गत होते.

इथं उदाहरणाला स्टँडर्ड हेराल्ड घेतली आहे. मद्रासला १९६१ पासून बनलेली ही गाडी म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचं भारतीय रूप. आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचा. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच चॅसीवरून निघाली, त्यामुळे सस्पेन्शनचं काम दोन्हींना जवळपास सारखं लागू पडतं. स्पिटफायरचे शौकीन जगभर असल्यानं त्यातले बरेच भाग अजून नवे बनतात, हा हेराल्डवाल्यांना आयता फायदा. फरक एक: हेराल्डमध्ये दाराखालच्या पट्टीवर फारसा भार नसतो, स्पिटफायरमध्ये ती पट्टीच बॉडीला ताठ ठेवते. तिथं ती आंधळेपणानं कापली तर गाडी मधून वाकते.

कामाचा क्रम पाऊस ठरवतो. रंग खरवडून उघडा केलेला पत्रा जूनमध्ये एका रात्रीत तांबूस होतो. पत्रा आणि वेल्डिंग दिवाळीनंतर काढायचं, रंग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकायचा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग पावसाळ्यात टेबलावर घ्यायचं.

बॉडी उचलण्याआधी दोन कामं. पहिलं, दारांच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा-तिरका टाकून टाके मारा. हेराल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर जोडलेली आहे. ती कुजलेली असेल तर उचलताना उघडते आणि मग दार कधीच नीट बसत नाही. दुसरं, बॉडी आणि चॅसीमधल्या प्रत्येक बोल्टाखाली किती वॉशर आणि किती जाडीचं पॅकिंग निघालं ते त्या त्या जागेच्या नावानं वेगळ्या पिशवीत ठेवा. ही पॅकिंगं म्हणजे कचरा नव्हे, दाराची फट त्यांच्यावरच जुळवलेली असते.

मग चॅसी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. गॅरेजची फरशी सपाट आहे यावर विश्वास ठेवू नका; गवंड्याची पाण्याची नळी लावून घोडे एका पातळीत आणा. चॅसीवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडीला कधीतरी मार बसलेला आहे, आणि आधी ओढून सरळ करणं आलं. सडतात ते बहुधा बाजूला फुटणारे हात, म्हणजे आउटरिगर, आणि डिकीखालचा भाग. चिखल आत साचतो आणि ओल हटत नाही. हातोडीनं ठोकत जा. टणक आवाजाच्या जागी भद्द आवाज आला की तिथं आतून गेलेलं आहे, वरून रंग कितीही शाबूत असो.

एका वेळी एकच आउटरिगर कापायचा. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या की मोजायला जागाच उरत नाही. चॅसीला १६ गेज पत्रा (सुमारे १.६ मिलिमीटर), फ्लोअरला २० गेज (०.९ मिलिमीटर). वेल्डिंग सीओटू वायूच्या मशीनवर, २०-२५ मिलिमीटरचा टाका मारून दुसऱ्या टोकाला जायचं, परत यायचं; सलग ओढलं की पत्रा पापडासारखा उठतो. जुन्या कुजक्या पत्र्यावर नवा ठिगळ मारून देणारे भेटतीलच. दोघांच्या मधे पाणी राहतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथूनच गंज फुटतो. लांबीनं (पुट्टीनं) भोक बुजवणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

छोट्या लोखंडी भागांचा गंज काढायला प्लॅस्टिकची टाकी, १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर पुरतो. भागाला निगेटिव्ह, समोर उभ्या केलेल्या साध्या लोखंडी पट्टीला पॉझिटिव्ह. पट्टी स्टेनलेसची लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियम यात बुडवू नका, सोडा ते खातो. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्टही नकोत, कारण सुटणारा हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात. तोच हायड्रोजन पेट घेतो, म्हणून शटर उघडं ठेवा.

नटबोल्टांची भानगड वेगळीच. ही गाडी इंची आट्यांची. १/२ इंची डोक्याला १३ मिलिमीटरचा पान्हा ढिला बसतो आणि कोपरे गोल करतो. ९/१६ ला १४ चा शिरत नाही आणि १५ चा फिरतो. इंची पान्ह्यांचा सेट आधी घ्या. ५/१६ यूएनएफच्या (बारीक इंची आट्यांच्या) भोकात एम-८ चा, म्हणजे ८ मिलिमीटरचा, बोल्ट सुरुवातीला पकडतो आणि मग आटे खाऊन टाकतो. आधीच्या कुणीतरी असा उद्योग केला असेलच, म्हणून प्रत्येक भोकात योग्य टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून बघा.

आता ट्रनियन. पुढच्या चाकाची उभी लिंक खाली एका आटे असलेल्या पितळी-कांस्याच्या खोबणीत फिरते. स्टिअरिंग वळवलं की ती लिंक त्या आट्यांत अक्षरशः स्क्रूसारखी वरखाली होते. इथं ग्रीस नको, ईपी-९० गिअर ऑइल हवं. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. पोलादी लिंक आट्यांच्या मुळाशी गंजते आणि एक दिवस वळणावर तुटून चाक मडगार्डखाली दुमडतं. ग्रीस गनमध्येच ऑइल भरून, खालून थेंब बाहेर येईपर्यंत मारायचं. डाव्या बाजूला डावे आटे, उजव्याला उजवे. अदलाबदल होत नाही. आट्यांवर खड्डे दिसले की लिंक आणि ट्रनियन जोडीनंच बदला. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

मागच्या स्प्रिंगचा आडवा पाटा सोडताना चाकाखाली जॅक ठेवून भार धरा, पाट्यात ताण असतो. टोकाचा बोल्ट बुशच्या नळीतच गंजून बसलेला असतो; दोन दिवस आधीपासून तेल मारत राहा. नवे रबर बुश बसवल्यावर बोल्टांचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी करून, माणसाएवढं वजन आत टाकूनच द्यायचा. गाडी लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं.

इंजिनाचं थोडक्यात: ९४८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६३ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७६ मिलिमीटर, फायरिंगचा क्रम १-३-४-२. फटी थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात: पॉइंट १५, प्लग २५, थंड इंजिनावर टॅपेट १०. या घराण्याचा खरा आजार म्हणजे क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर. क्लच दाबल्यावर पुढची पुली पुढेमागे हलते का बघा. झिजलेले वॉशर सम्पमध्ये पडतात आणि क्रँक थेट ब्लॉक खायला लागतो. ऑइल सम्प उतरवून ते गाडीतच बदलता येतात. वॉशरच्या खाचा क्रँककडे, ब्लॉककडे नव्हे. हेड उतरलेलंच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवून घ्या. २००० पासून देशात पेट्रोलमध्ये शिसं नाही, आणि जुनी नुसती बिडाची सीट त्याच्याशिवाय बसत जाते. पेट्रोलचे जुने रबरी पाइप सरसकट फेका. आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारेच पाइप घ्या.

रंगाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) वापरणार असाल तर दमट हवेत हात लावू नका. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. चॅसीच्या आतल्या पोकळीत मेण मारायचं, पण पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवून.

मारुतीचं इंजिन टाकायचा सल्ला गल्लीत कुणीतरी देणारच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात असेल तरच. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून चॅसी आणि इंजिन नंबरांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा आणि त्या जागेवर ग्राइंडर फिरवू देऊ नका. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायला न्यायची असेल तर मात्र साधी नोंदणीच जिवंत ठेवावी लागेल.